एनआय नंबर नव्हता, कर मात्र कापला गेला : वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून शिकायला किंवा नर्सिंगच्या नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या मुलामुलींच्या घरून या सदराकडे पत्रं येतात. त्यांत एक तक्रार हमखास असते : तिथल्या सरकारी सामाजिक विम्याचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे बोलण्यातला एनआय नंबर, हातात यायच्या आधी काम सुरू केलं आणि पगारातून भरमसाट कर गेला. अशा काही पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या ५ एप्रिलला संपतं. आपल्या ३१ मार्चच्या हिशेबाने तारखा लावल्या तर गोंधळ होतो.

प्रश्न : माझा मुलगा सप्टेंबरात लेस्टरला एम.एस्सी.साठी गेला. ऑक्टोबरपासून एका दुकानात अर्धवेळ काम करतो. महिन्याला १,०५० पौंड पगार, त्यातले २१० पौंड करात जातात. एनआय नंबर अजून आलेला नाही. मॅनेजर म्हणतो, नंबर येईपर्यंत वीस टक्के कापणारच आणि ते परत मिळत नाहीत. हे खरं का?
— पालक, टिळकवाडी, बेळगाव

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. नंबर नसला म्हणून जादा दराने कर कापावा असा तिथे नियमच नाही. आपल्याकडे पॅन नसेल तर बँक व्याजावर वीस टक्के टीडीएस कापते, त्यामुळे आपल्या माणसांना मॅनेजरचं बोलणं लगेच पटतं. ब्रिटनमध्ये पगारावरचा कर ठरतो तो टॅक्स कोडवरून, आणि कोड ठरतो तो कामावर रुजू होताना भरलेल्या स्टार्टर चेकलिस्टवरून. तुमच्या मुलाचा कोड चुकला आहे, एवढाच याचा अर्थ.

आता त्याची पेस्लिप समोर घ्या. नावाच्या आसपास एनआय नंबरचा रकाना असतो, तो रिकामा असेल. तो रिकामा असायलाच हवा. पगार कळवताना नंबर नसेल तर मालकाने रकाना मोकळा सोडून नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता बरोबर पाठवावा, अशी तिथल्या कर खात्याची, एचएमआरसीची, सूचना आहे. काही ठिकाणी जन्मतारखेवरून तयार केलेला खोटा नंबर टाकतात. तसा दिसला तर लगेच काढायला सांगा, कारण पुढे खरा नंबर आला की दोन नोंदी जुळत नाहीत.

त्याच पेस्लिपवर जवळच टॅक्स कोड असतो. सगळी मेख तिथे आहे. '१२५७एल' असेल तर वर्षाला १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा लागू आहे, म्हणजे महिन्याला सुमारे १,०४७ पौंड ५० पेन्स. 'बीआर' असेल तर मर्यादा शून्य आणि सगळ्या पगारावर सरळ वीस टक्के. '०टी' असेल तरीही मर्यादा शून्य, आणि एवढ्या पगाराला परिणाम तोच. १,०५० चे वीस टक्के बरोबर २१० होतात, तेव्हा मुलाचा कोड बीआर किंवा ०टी आहे हे पेस्लिप न पाहताही सांगता येतं. १२५७एल असता तर महिन्याचा कर पन्नास पेन्स निघाला असता.

हे दोन कोड लागतात कसे, ते चेकलिस्टवरून कळतं. तिच्यात ए, बी, सी अशी तीन विधानं आहेत. ए म्हणजे ६ एप्रिलनंतरची ही पहिलीच नोकरी. बी म्हणजे आधी नोकरी होती, आता ती नाही. सी म्हणजे याच्या जोडीला दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू आहे. ए ला १२५७एल मिळतो. बी ला तोच कोड मिळतो, पण फक्त त्या त्या महिन्यापुरता. सी ला बीआर. चेकलिस्ट दिलीच नाही तर ०टी. रुजू होण्याच्या गडबडीत मुलं फॉर्म न वाचता सी वर खूण करतात, किंवा मॅनेजर फॉर्म देतच नाही.

०टी असेल तर मुलाने पेरोल विभागाकडे चेकलिस्ट मागून आजच ती ए विधानासह भरून द्यावी आणि दिल्याची नोंद म्हणून ईमेल करावा. बीआर असेल तर एचएमआरसीला फोन करून खूण चुकल्याचं सांगावं. ब्रिटनमधून क्रमांक ०३०० २०० ३३००, सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. खातं थेट मालकाला नवा कोड कळवतं. मालकाने तो पुढच्या पगारापासून लावायचा असतो.

कोड दुरुस्त झाला की पैसे कसे येतात तेही पाहा. समजा जानेवारीच्या पगारात १२५७एल लागला. तोपर्यंत ऑक्टोबर ते डिसेंबर असे ६३० पौंड कापले गेलेत. साधा १२५७एल वर्षाच्या सुरुवातीपासूनचा हिशेब जोडून धरतो, त्यामुळे एप्रिलपासूनची न वापरलेली मर्यादाही मोजली जाते आणि हे ६३० पौंड जानेवारीच्या पगारातच परत येतात. मात्र कोडच्या मागे 'एम१', 'डब्ल्यू१' किंवा 'एक्स' असेल तर मागचा हिशेब जोडला जात नाही. पुढची कपात थांबते, मागचे ६३० तिथेच राहतात आणि वर्ष संपल्यावर मागावे लागतात. कोड बदलला म्हणून निश्चिंत होणारी बरीच मुलं या शेपटाकडे बघत नाहीत. ते जरूर बघायला सांगा.

एनआय नंबरचा अर्जही अडकलेला दिसतो. तो सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य करता येतो. पासपोर्टचा फोटो आणि पासपोर्ट हातात धरलेला स्वतःचा फोटो लागतो. ओळख पटल्यावर नंबर यायला चार आठवड्यांपर्यंत लागतात. नंबराचं पत्र टपालाने, अर्जात दिलेल्या पत्त्यावर येतं. विद्यार्थी पहिल्या दोन महिन्यांत खोली बदलतात आणि पत्र जुन्या घरी पडून राहतं. नंबर हरवल्याच्या निम्म्या कहाण्या इथेच सुरू होतात. आधी ई-व्हिसाच्या खात्यातही एकदा पाहावं, काहींना नंबर व्हिसाबरोबरच दिलेला असतो.

प्रश्न : मुलगा शिक्षण संपवून सप्टेंबर २०२४ मध्ये परत आला. तिथे नोव्हेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ एका गोदामात काम केलं. दर महिन्याला वीस टक्के कर गेला. एनआय नंबर त्याला शेवटपर्यंत मिळाला नाही. आता इथून नंबरासाठी अर्ज करता येईल का? पैसे बुडाले असं समजायचं का?
— वाचक, निपाणी

नंबराचा नाद सोडा. तो अर्ज ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि तिथे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या माणसासाठी आहे, निपाणीत बसून करता येत नाही. पण कराचे पैसे मागायला नंबर असलाच पाहिजे अशी अट नाही. मालकाने कर कळवला तेव्हा मुलाच्या नावाने, जन्मतारखेने आणि पत्त्याने नोंद झाली आहे. नंबर नसलेल्यांची नोंद एचएमआरसी स्वतःच्या तात्पुरत्या संदर्भ क्रमांकाखाली ठेवते. तुमचं काम एवढंच, की खात्याला ती नोंद सापडेल इतकी माहिती द्यायची.

पहिली गोष्ट, हे काम दोन करवर्षांत पडतं. नोव्हेंबर २०२३ ते ५ एप्रिल २०२४ हे एक वर्ष आणि ६ एप्रिल ते ऑगस्ट २०२४ हे दुसरं. दोन्हींना १२,५७० ची मर्यादा स्वतंत्र मिळते. दोन्ही वर्षांत कमाई तेवढ्याच्या आत असेल तर दोन्ही वर्षांचा सगळा कर परत मिळायला हवा. समजा पहिल्या वर्षी ५,५०० आणि दुसऱ्या वर्षी ५,००० मिळाले, तर १,१०० आणि १,००० मिळून २,१०० पौंड होतात. ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

देश सोडून जाणाऱ्यांसाठी पी८५ नावाचा फॉर्म आहे. तो ऑनलाइन भरायला लॉगिन लागतं, आणि एनआय नंबर नसताना ते लॉगिन सहसा पूर्ण होत नाही. मुलं इथेच अडकतात आणि प्रयत्न सोडतात. तेव्हा सरळ छापील पी८५ घ्या. निघाल्याची तारीख, भारतातला पत्ता, तिथल्या नोकरीचा तपशील भरा. एनआय नंबरची जागा मोकळी ठेवा, तिथे पासपोर्ट क्रमांक किंवा आधार क्रमांक लिहू नका. नोकरी सोडताना मालकाने दिलेल्या पी४५ चे भाग २ आणि ३ मूळ प्रतीत जोडा, त्याआधी त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. पी८५ निघण्याच्या वर्षासाठी आहे, म्हणून आधीच्या वर्षाची मागणी सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा.

हे पत्र इंग्रजीत, एका पानाचं, फापटपसारा नसलेलं हवं. त्यात पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, ब्रिटनमधले सगळे पत्ते तारखांसह, मालकाचं नाव, मालकाचा पेई संदर्भ आणि पेस्लिपवरचा कर्मचारी क्रमांक द्या. पेई (पे ॲज यू अर्न, म्हणजे पगारातून कर कापण्याची पद्धत) संदर्भ हा मालकाचा कर खात्यातला क्रमांक : तीन आकडे, तिरपी रेघ आणि पुढे अक्षरं-आकडे. तो पी४५ वर आणि पी६० वर, म्हणजे वर्षअखेरीच्या पगार-कराच्या दाखल्यावर, असतो आणि पुष्कळदा पेस्लिपवरही. मग वर्षवार मिळालेला पगार आणि कापलेला कर लिहा, एनआय नंबर कधीच मिळाला नव्हता हे एका वाक्यात सांगा आणि शेवटी जादा कापलेला कर परत द्यावा अशी मागणी करा. पेस्लिपच्या झेरॉक्स जोडा. कमीत कमी प्रत्येक करवर्षाची शेवटची पेस्लिप हवीच, कारण तिच्यावर त्या वर्षाची एकूण बेरीज छापलेली असते. मुलाच्या बाबतीत त्या दोन : मार्च २०२४ आणि ऑगस्ट २०२४.

पी४५ हरवला असेल तर मालकाकडे दुसरी प्रत मागू नका. नियमाने त्याला ती देता येत नाही, आणि 'नाही' ऐकून मुलं निराश होतात. त्याऐवजी मिळालेला पगार आणि कापलेला कर लिहिलेलं पत्र मागा. ते तो देऊ शकतो.

पाकिटावर पत्ता : पे ॲज यू अर्न अँड सेल्फ असेसमेंट, एचएम रेव्हेन्यू अँड कस्टम्स, बीएक्स९ १एएस, युनायटेड किंग्डम. रस्ता आणि शहर लिहायचं नसतं. काउंटरवरचा माणूस 'शहर लिहा' म्हणेल, पण पत्ता पूर्ण आहे, तसंच नोंदवायला सांगा. पावती जपून ठेवा.

पैसे कुठे घ्यायचे हा अवघड प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर फॉर्म भरण्याआधी ठरवा. ब्रिटनमधलं बँक खातं चालू असेल तर तेच द्या. बंद केलं असेल तर फॉर्ममध्ये नॉमिनी नेमता येतो : तिथे राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाचं किंवा मित्राचं खातं. दोन्ही नसेल तर पौंडातला चेक येतो, आणि तो आपल्याकडच्या शाखेत वटवणं वेळखाऊ, खर्चिक आणि पुष्कळदा अशक्य असतं. परत यायच्या तयारीत असलेल्या मुलांनी कर परत येईपर्यंत तिथलं खातं बंद करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

आठ-दहा आठवडे उत्तर नाही आलं तर फोन करा. भारतातून क्रमांक +४४ १३५ ५३५ ९०२२. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, आणि हिवाळ्यात दीड. ओळी उघडतानाच लावलेला बरा. सुरुवातीला यंत्र एनआय नंबर विचारतं, तेव्हा नंबर नाही असं सांगून माणसाची वाट पाहायची. बोलायचं मुलानेच. वडील कितीही माहितगार असले तरी खातं त्यांच्याशी बोलत नाही.

प्रश्न : मुलगी बेळगावात नर्सिंग करून ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयात फेब्रुवारीत रुजू झाली. पहिल्या दोन पगारांतून प्रत्येकी तीनशेवर पौंड कर गेला. सोबतच्या सगळ्यांचाच जातो, म्हणून ती गप्प आहे.
— वाचक, खानापूर

तिला गप्प राहू देऊ नका. समजा पगार २,६०० पौंड. कोडमागे एम१ असेल तर हिशेब असा : २,६०० वजा १,०४७.५०, उरले १,५५२.५०, त्याचे वीस टक्के ३१० पौंड ५० पेन्स. दोन महिन्यांचे ६२१. पण त्या करवर्षात तिची ब्रिटनमधली कमाई एकूण ५,२०० आहे आणि वर्षाची मर्यादा १२,५७०. करवर्षाच्या मध्यावर येऊन ब्रिटनची रहिवासी झालेल्या माणसालाही मर्यादा पूर्ण मिळते, महिन्यांच्या हिशेबाने तुटत नाही. म्हणजे ६२१ च्या ६२१ तिचे आहेत.

असं होतं याचं कारण साधं आहे. भारतातली नोकरी सोडून आलेली मुलगी प्रामाणिकपणे 'आधी नोकरी होती' हे बी विधान निवडते. मग कोड महिन्यापुरता लागतो आणि एप्रिल ते जानेवारीची मर्यादा हिशेबाबाहेर राहते. ५ एप्रिलच्या आत लक्षात आलं तर फोनवर ब्रिटनमध्ये आल्याची तारीख सांगून कोड बदलून घेता येतो. ती तारीख उलटली असेल तर ३१ मेपर्यंत मालकाकडून पी६० घ्यावा. ५ एप्रिलला नोकरीत असलेल्या प्रत्येकाला तो देणं मालकावर बंधनकारक आहे. जूनपासून पुढे एचएमआरसी आपणहून पी८०० नावाचं हिशेबाचं पत्र पाठवू लागते. ते आलं की ऑनलाइन मागणी करायची, पैसे पाच कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात. मागणी न करता चेक घरी येईल या भरवशावर राहू नये, २०२४ पासून ती सोय आपोआप मिळत नाही.

नोंदणी परिषदेची वार्षिक फी आणि गणवेश धुण्याचा ठरावीक खर्च यांवर परिचारिकांना करसवलत मिळते. मात्र ती भरलेल्या करावर असते. पहिल्या वर्षी कर शून्यावर आला तर मिळण्यासारखं काही नसतं, मागणी दुसऱ्या वर्षापासून करावी आणि फीच्या पावत्या ठेवाव्यात.

प्रश्न : कराबरोबर नॅशनल इन्शुरन्सचेही पैसे कापले आहेत. भारतात परत आल्यावर तेही मिळतात असं ऐकलं. खरं का? शिवाय पेन्शन म्हणूनही काही कापलं आहे.
— विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

नाही. देश सोडला म्हणून नॅशनल इन्शुरन्स परत मिळत नाही. त्याचा हिशेब वर्षाचा नसून प्रत्येक पगाराचा स्वतंत्र असतो : महिन्याला १,०४८ पौंडांवरच्या रकमेवर ८ टक्के. म्हणून सुट्टीतले दोन महिने पूर्णवेळ काम केलं आणि उरलेलं वर्ष रिकामं गेलं, तरी त्या दोन महिन्यांतलं कापलेलं तसंच राहतं. पगार मर्यादेच्या खाली असतानाही कापलं गेलं असेल तर मात्र ती मालकाची चूक आहे आणि ते पैसे मागता येतात. एनआय नंबर नंतर मिळाला तर मालकाला लेखी कळवा, म्हणजे भरणा तुमच्या नावावर चढेल.

पेन्शनची कपात हा कर नव्हे. बावीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि वर्षाला १०,००० पौंडांच्या हिशेबाने, म्हणजे महिन्याला ८३३ च्या वर मिळवणाऱ्या कामगाराला मालक आपोआप योजनेत घालतो. नोंद झाल्यापासून महिन्याभरात नकार कळवला तर कापलेलं सगळं परत मिळतं. महिना उलटला की ते पैसे निवृत्तीच्या वयापर्यंत योजनेतच राहतात. थोड्या काळासाठी गेलेल्या मुलांनी योजनेचं पत्र आल्याच्या दिवशीच वाचावं.

प्रश्न : दोन ठिकाणी काम केलं. एका पेस्लिपवर आडनाव आधी, दुसरीवर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. एका ठिकाणी जन्मतारीखही वेगळी. कर खात्याने एकाच नोकरीचा हिशेब पाठवला आहे.
— वाचक, चिकोडी

नंबर नसताना नाव आणि जन्मतारीख हीच ओळख असते, आणि आपल्या भागातल्या नावांत तीच निसरडी आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, कर्नाटकातल्या काही कागदांवर आडनावाऐवजी आद्याक्षरं, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका ओळीत. पेरोलवाला त्यातलं सोयीचं उचलतो. जन्मतारखेचं दुखणंही ओळखीचं आहे : शाळेत घालताना लावलेली १ जून कागदोपत्री, घरात सांगितलेली वेगळी. ब्रिटनमध्ये पासपोर्टवर जी आहे तीच तुमची जन्मतारीख. फोनवर बोलतानासुद्धा दुसरी तोंडातून येऊ देऊ नका, सुरक्षेच्या प्रश्नातच फोन अडतो.

तुमच्या बाबतीत खात्याकडे बहुधा दोन माणसं तयार झाली आहेत. दोन्ही मालकांना पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत पाठवून पेरोलमधलं नाव-तारीख दुरुस्त करायला सांगा. मग एचएमआरसीला पत्र लिहून दोन्ही पेस्लिप एकाच व्यक्तीच्या आहेत हे पेई संदर्भांसह कळवा. पत्त्यात जुनं 'बेळगाम' आणि नवं 'बेळगावी' असा फरक असेल तर त्याची काळजी नको.

एक सावधगिरी. दोन नोंदी जोडल्यावर दोन्हींची कमाई एकत्र धरली जाईल. एकीकडे १२५७एल आणि दुसरीकडे बीआर असेल, आणि बेरीज १२,५७० च्या आत असेल, तर बीआरचा सगळा कर परत येईल. दोन्हीकडे १२५७एल लागला असेल आणि बेरीज त्यापुढे गेली असेल, तर उलट थोडा कर भरावा लागेल. हिशेब आधी कागदावर मांडा, मग पत्र टाका.

प्रश्न : लंडनमधला एक एजंट चाळीस टक्क्यांवर रिफंड काढून देतो म्हणतो. त्याला लॉगिन आणि सही केलेला कोरा फॉर्म हवा आहे.
— पालक, संकेश्वर

देऊ नका. मागणी करायला खातं एक पेनीही घेत नाही, आणि वर दिलेलं एक पानाचं पत्र कोणीही लिहू शकतो. कोऱ्या फॉर्मवर एजंट न झालेले खर्च दाखवतो. पैसे येतात, तो आपला वाटा घेतो, आणि पुढे तपासणीत ती रक्कम खातं मुलाकडून वसूल करतं, एजंटकडून नव्हे. पूर्वी एजंट रिफंडचा हक्कच स्वतःच्या नावावर लिहून घ्यायचे. १५ मार्च २०२३ पासून असं लिहून दिलेलं कायद्याने रद्दबातल ठरतं. म्हणून आता ते नॉमिनीच्या जागी स्वतःचं खातं भरतात. कुठल्याही फॉर्मवर सही करण्याआधी नॉमिनीचा रकाना पाहा.

'तुमचा रिफंड तयार आहे, इथे क्लिक करा' असा मेसेज कर खातं पाठवत नाही. ब्रिटनमध्ये असलेल्यांनी तो ६०५९९ या क्रमांकावर पुढे पाठवून पुसून टाकावा.

प्रश्न : हॉटेलवाल्याने काही महिने रोख पगार दिला, पेस्लिप दिली नाही, पण कर कापून घेतल्याचं सांगतो.
— विद्यार्थी, मूळ गाव अथणी

पेस्लिप मिळणं हा तिथल्या कामगाराचा कायदेशीर हक्क आहे, एनआय नंबर असो वा नसो. आधी लेखी मागा. मग एचएमआरसीला फोन करून त्या मालकाने तुमच्या नावाने काही कळवलं आहे का ते विचारा. कळवलं असेल तर वरच्याप्रमाणे मागणी करा. काहीच कळवलं नसेल तर कर खात्यापर्यंत पोचलाच नाही आणि रिफंड निघत नाही. कापलेली रक्कम हा तुमचा थकीत पगार ठरतो आणि तो मालकाकडून वसूल करावा लागतो. त्यासाठी कामाच्या वेळांचे मेसेज आणि हजेरीचे फोटो आत्तापासून जपा.

प्रश्न : ब्रिटनमधून आलेला रिफंड भारतात करपात्र आहे का? तिथलं खातं चालू ठेवलं तर इथे अडचण येते का?
— वाचक, वडगाव, बेळगाव

मूळ रिफंड हे उत्पन्न नव्हे, तो तुमचाच जादा भरलेला पैसा आहे. त्यावर खात्याने व्याज दिलं असेल तर भारताचे रहिवासी म्हणून तेवढं व्याज दाखवावं.

खातं ठेवण्यात गैर काही नाही, पण ते दाखवायला विसरू नका. एक-दोन वर्षं शिकून आलेला मुलगा सहसा लगेच सामान्य रहिवासी ठरतो, आणि परदेशी खातं असलेल्या अशा माणसाला उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरावं लागतं. साधा आयटीआर-१ चालत नाही. नोकरदाराने आयटीआर-२ घेऊन त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या एफए परिशिष्टात खातं दाखवावं. तिथे माहिती आर्थिक वर्षाची नव्हे, जानेवारी ते डिसेंबरची द्यायची असते. न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. स्थावर सोडून परदेशातली एकूण मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड लागत नाही, तरी दाखवण्याची जबाबदारी राहतेच.

प्रश्न : किती जुना कर मागता येतो?
— वाचक, हुक्केरी

करवर्ष संपल्यापासून चार वर्षं. २०२१-२२ ची मुदत ५ एप्रिल २०२६, २०२२-२३ ची ५ एप्रिल २०२७, २०२३-२४ ची ५ एप्रिल २०२८. निपाणीच्या वाचकांच्या मुलाचं पहिलं वर्ष या शेवटच्या तारखेत बसतं. मागणी या तारखेच्या आत खात्याकडे पोचलेली हवी, इथून टपालात टाकलेली नव्हे. म्हणून फेब्रुवारीच्या पुढे थांबू नका.